म्हातारी माणसं आणि लेकरं घेऊन दिल्ली मेट्रोतून: चुकलात तरी चालेल, चुकामूक होऊ देऊ नका

प्रश्न असा आला आहे: "आम्ही सोलापूरचे, अशोक चौकाजवळ राहतो. सासऱ्यांना दिल्लीच्या एम्समध्ये दाखवायचं आहे. वय 72, गुडघे दुखतात, पण काठी घेऊन चालतात. सोबत सासूबाई, मी, मिस्टर आणि दोन मुलं, एक अकरा वर्षांचं, एक चार. करोल बागेत हॉटेल घेतलंय. सगळे म्हणतात मेट्रोने फिरा, पण आमच्यापैकी कुणीच मेट्रोत कधी बसलेलं नाही. जमिनीखाली हरवलो तर काय करायचं? दोन दिवस जास्तीचे आहेत, लाल किल्ला आणि अक्षरधाम बघायचं मनात आहे. झेपेल का?"

ताई, झेपेल. गेली 19 वर्षं मी सोलापुरातून यात्रेकरूंचे ग्रुप घेऊन उत्तरेत जातो. त्यात निम्मी माणसं साठीच्या पुढची असतात. काहींना मराठी आणि तेलुगूच येते, हिंदी जेमतेम कळते, आणि बऱ्याच जणांनी सरकता जिना त्या दिवशीच पहिल्यांदा बघितलेला असतो. ती सगळी माणसं दिल्लीची मेट्रो वापरून आली आहेत. तुमची भीती मला कळते, पण ती चुकीच्या जागी बसली आहे. रस्ता चुकायची भीती तुम्ही सोडून द्या. माणसं एकमेकांपासून सुटायची काळजी मात्र करा, आणि ती घरातून निघायच्या आधी करा.

रस्ता चुकण्याचं आधी सांगतो. एसटीत चुकीच्या गाडीत बसलात तर अक्कलकोटला जायचं ते बार्शीला पोचाल, पैसे गेले आणि दिवसही गेला. मेट्रोत तसं होत नाही. उलट्या दिशेच्या गाडीत चढलात, तर पुढच्या स्टेशनवर उतरायचं, समोरच्या प्लॅटफॉर्मवर जायचं आणि परत फिरायचं. भाडं तुम्ही कुठून आत शिरलात आणि कुठे बाहेर पडलात यावर ठरतं. मधे दोन स्टेशनं मागेपुढे झाली तरी वेगळे पैसे पडत नाहीत. आत राहायला वेळेची मर्यादा आहे, म्हणून तासन्‌तास बसून राहू नका, इतकंच. बाहेर पडायचं फाटक ओलांडेपर्यंत प्रत्येक चूक दुरुस्त होते. हे एकदा मनात बसलं की घाबरून पळापळ होत नाही, आणि माणसं सुटतात ती बहुतेक पळापळीतच.

आता दिशा कशी ओळखायची ते. नकाशातल्या सगळ्या रंगीत रेघा पाठ करायची गरज नाही. तुमच्या कामाला तीन रेघा पुरतात: निळी, पिवळी आणि जांभळी. प्रत्येक रेघेला दोन टोकं असतात, आणि गाडीवर, पाटीवर, घोषणेत त्या टोकाच्या स्टेशनचंच नाव असतं. म्हणजे करोल बागेत तुम्हाला "राजीव चौककडे जाणारी गाडी" अशी पाटी सापडणार नाही. तिथे लिहिलेलं असेल नोएडा इलेक्ट्रॉनिक सिटी किंवा वैशाली. आपल्याकडे मुंबईची गाडी बघून आपण कुर्डुवाडीला उतरतो, तसंच हे. म्हणून कागदावर तीनच गोष्टी लिहून घ्या: कोणत्या टोकाची गाडी, कितवं स्टेशन, आणि बाहेर कोणत्या गेटने पडायचं.

करोल बागेहून एम्सचा रस्ता असा. निळ्या रेघेवर नोएडा किंवा वैशालीची गाडी धरा, दोन्ही चालतात. झंडेवालान, रामकृष्ण आश्रम मार्ग आणि तिसरं राजीव चौक. तिथे उतरून पिवळी रेघ घ्यायची, टोकाचं नाव मिलेनियम सिटी सेंटर गुरुग्राम. जुन्या माणसांच्या तोंडी अजून हुडा सिटी सेंटर असतं, दोन्ही एकच. पटेल चौकपासून मोजायला लागलात तर सातवं स्टेशन एम्स. त्याच्या आधीचं दिल्ली हाट आयएनए. ते नाव ऐकलं की सासऱ्यांना उभं करा आणि दाराकडे सरका. परत येताना पिवळ्या रेघेवर समयपूर बादलीची गाडी, राजीव चौकला बदल, मग निळ्या रेघेवर द्वारका सेक्टर 21 ची.

राजीव चौक हे दिल्ली मेट्रोतलं सगळ्यात गजबजलेलं जंक्शन म्हटलं तरी चालेल. कॅनॉट प्लेसच्या पोटात ते बांधलेलं आहे. दोन रेघा वेगवेगळ्या मजल्यांवर आहेत आणि सकाळी तिथली गर्दी आपल्या गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर असते तशी असते. फरक एवढाच की यात्रेतली माणसं रेंगाळतात आणि इथली धावत असतात. तुम्ही धावू नका. गाडीतून उतरलात की प्लॅटफॉर्मच्या मधे थांबायचं नाही, भिंतीकडे किंवा खांबाकडे सरकायचं, सहा डोकी मोजायची आणि मग पाटी शोधायची. बदल करायच्या ठिकाणी जमिनीवर रंगीत पावलं रंगवलेली दिसतात. महालक्ष्म्यांच्या वेळी आपण उंबऱ्यापासून देव्हाऱ्यापर्यंत पावलं काढतो, अगदी तशी. पिवळ्या रेघेला जायचं तर पिवळ्या पावलांवरून चालत राहायचं. माझ्या ग्रुपमधल्या बायकांना पाट्यांपेक्षा ही पावलं फार लवकर कळतात. हे काम सासूबाईंवर सोपवा. एकदा त्यांनी रस्ता दाखवला की त्यांची अर्धी भीती जाते, हे मी कितीदा तरी बघितलंय.

माणसं सुटण्याबद्दल मात्र मी सविस्तर लिहिणार आहे, कारण ते माझ्या हातून घडलेलं आहे.

काही वर्षांपूर्वी याच राजीव चौकात माझ्या ग्रुपमधल्या एक आजी मागे राहिल्या. सोलापूरच्या पूर्व भागातल्या होत्या, उभं आयुष्य विड्या वळण्यात गेलेलं, तेलुगू आणि मराठी सोडून तिसरी भाषा नाही. गाडी आली, मी "चला चला" म्हणून सगळ्यांना आत ढकललं आणि स्वतः आत शिरलो. दार बंद झालं तेव्हा आजी बाहेर होत्या आणि त्यांची सून आत. ती काचेवर हात मारत होती. मी डोकी मोजली नव्हती, सगळ्यांत शेवटी चढायला हवं होतं ते चढलो नव्हतो, आणि आजींना "चुकलात तर काय करायचं" हे सांगितलेलंही नव्हतं. पुढच्या स्टेशनवर उतरून परत आलो तेव्हा आजी त्याच खांबाला टेकून उभ्या होत्या. एक पाऊलही हलल्या नव्हत्या. मला म्हणाल्या, "तुम्ही येणारच, मग मी कशाला हलू?" त्या हलल्या असत्या, कुणाला विचारत वर गेल्या असत्या, एखाद्या गेटने रस्त्यावर निघाल्या असत्या, तर त्या दिवशी काय झालं असतं याचा विचार मी आजही करू शकत नाही.

तेव्हापासून माझा नियम आजींनीच घालून दिलेला आहे. मागे राहिलेल्याने जागचं हलायचं नाही. शोधणारा परत येईल. आणि उलटं झालं, म्हणजे सासरे एकटेच गाडीत गेले आणि तुम्ही बाहेर राहिलात, तर त्यांनी पुढच्याच स्टेशनवर उतरून जिथे उतरले तिथेच प्लॅटफॉर्मवर उभं राहायचं. तुम्ही मागच्या गाडीने याल. गाड्या काही मिनिटांच्या अंतराने असतात, गर्दीच्या वेळी तर आणखी लवकर. या दोन वाक्यांपलीकडे तिसरं काही सांगू नका, नाहीतर ऐन वेळी एकही आठवणार नाही. घरी बसून सासू-सासऱ्यांकडून आणि मोठ्या मुलाकडून ती वाक्यं दोनदा म्हणवून घ्या. लहान मुलाला नियम सांगून उपयोग नाही, त्याचा हात धरायचं काम एकाच माणसाकडे ठेवा. "तुझ्याकडे असेल असं वाटलं" या वाक्यातच लेकरं हरवतात.

चढताना क्रम ठरवून घ्या. आधी मिस्टर मोठ्या मुलाला घेऊन, मग सासू-सासरे, शेवटी तुम्ही लहानाला कडेवर घेऊन, किंवा उलट. पण पहिला आणि शेवटचा माणूस धडधाकटच हवा. दार फार वेळ उघडं राहत नाही. बंद होताना आवाज होतो, तो ऐकू आला की चढायचा प्रयत्न सोडून द्या. दारात काठी किंवा पिशवी घालून गाडी थांबवायला जाऊ नका. दुसरी गाडी मागेच असते.

प्रत्येकाच्या खिशात एक चिठ्ठी ठेवा, सासूबाईंच्या बटव्यात आणि लेकरांच्या खिशातसुद्धा. तिच्यावर हॉटेलचं नाव-पत्ता, "करोल बाग मेट्रो स्टेशन" आणि दोन मोबाइल नंबर, सगळं हिंदीत. आपली लिपी तीच असल्यामुळे हे सोपं आहे. एका मोबाइलवर भिस्त ठेवू नका. अक्षरधामला तर मोबाइल बाहेर जमाच करावा लागतो, तिथे ही चिठ्ठी आणि आधी ठरवलेली भेटायची जागाच कामाला येते.

आता तिकीट. काउंटरवर किंवा यंत्रावर क्यूआर कोड छापलेला कागद मिळतो. आत जाताना तो फाटकावर दाखवायचा आणि बाहेर पडतानाही तोच लागतो, म्हणून घडी घालू नका, घामाच्या हातात चुरगाळू नका. भाडं अंतरावर आहे. ऑगस्ट 2025 मध्ये वाढ झाली तेव्हापासून कमीत कमी 11 आणि जास्तीत जास्त 64 रुपये. विमानतळाच्या रेघेचं भाडं वेगळं. तीन फुटांपर्यंत, म्हणजे 90 सेंटीमीटर उंचीपर्यंतच्या मुलाला मोठ्या माणसासोबत तिकीट लागत नाही. तुमचं चार वर्षांचं लेकरू बहुधा त्याच्या वर गेलं असेल, घरीच भिंतीला उभं करून मोजून बघा.

मोबाइलवरही तिकीट निघतं, पण तुमच्यासारख्यांना मी स्मार्ट कार्ड घ्यायला सांगतो, निदान मोठ्या माणसांसाठी. भाड्यात 10 टक्के सूट मिळते हा त्याचा छोटा फायदा. मोठा फायदा असा की दर वेळी रांगेत उभं राहावं लागत नाही आणि म्हाताऱ्या माणसाला फक्त कार्ड टेकवायचं असतं. एका कार्डावर एकच माणूस जातो, दोघांना एकामागून एक काढता येत नाही. पर्यटकांसाठी एक दिवसाचं आणि तीन दिवसांचंही कार्ड असतं, पण दिवसभर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरणाऱ्यालाच ते परवडतं. सोबत आजारी माणूस असताना तुम्ही तेवढ्या फेऱ्या करणार नाही आणि करूही नका.

फाटकाजवळ एक गोष्ट नेहमी घडते. म्हातारी माणसं कार्ड टेकवतात, झडप उघडते, ती दचकून थबकतात आणि झडप मिटते. मग परत कार्ड टेकवलं की यंत्र घेत नाही, कारण त्याच्या हिशेबाने माणूस आत गेलेला आहे. अशा वेळी शेजारच्या मदत खिडकीवर सांगितलं की ते दुरुस्त करून देतात. त्याच खिडकीजवळ एक रुंद फाटक असतं. काठीवाल्या माणसाला पहिल्यापासून तिथूनच न्या. चाकाची खुर्ची हवी असेल तर तीही मागितल्यावर मिळते. मागायला लाजू नका. आपली माणसं "नको, चालतो मी" म्हणतात आणि संध्याकाळी हॉटेलवर गुडघे धरून बसतात.

गुडघ्यांवरून लिफ्टचं सांगतो. स्टेशनात लिफ्ट असते, पण सगळ्या गेटांवर नसते. रस्त्यावरून तिकिटाच्या मजल्यापर्यंत एक, आणि तिथून प्लॅटफॉर्मपर्यंत दुसरी, अशा दोन लिफ्ट घ्याव्या लागतात. खुर्चीचं चित्र असलेली पाटी शोधत जा, थोडा वळसा पडला तरी चालेल. सरकत्या जिन्यावर काठी आणि दुखरे गुडघे घेऊन चढणं मला पसंत नाही. सासूबाईंना चढायचं असेल तर पदर खोचून, निऱ्या हाताने उचलून, डावीकडे उभं राहून, आणि तुम्ही त्यांच्या मागच्या पायरीवर. उतरताना तुम्ही पुढे.

तपासणीत सगळ्यात जास्त वेळ जातो, म्हणून तिची तयारी ठेवा. प्रत्येक स्टेशनवर सामान एक्स-रे यंत्रातून जातं आणि अंगझडती होते, बायकांची वेगळी, पडद्याआड. हे काम सीआयएसएफचे जवान करतात आणि ते घाईत असतात, पण म्हाताऱ्या माणसांशी बहुतेक जण नीट वागतात. रिपोर्टांची फाइल, एक्स-रे, पैसे असलेली पिशवी यंत्रात टाकायच्या आधी तुमच्यातलं एक जण पलीकडे जाऊन उभं राहू द्या. बायकांची आणि पुरुषांची रांग वेगवेगळ्या वेगाने सरकते, तेवढ्यात पिशवी पट्ट्यावरून बाहेर पडून बेवारस पडलेली असते. सासऱ्यांची काठीही पट्ट्यावर ठेवायला सांगतील. तेवढा वेळ मिस्टरांनी त्यांचा हात धरावा. सासूबाईंच्या चंचीत अडकित्ता असेल तर तो हॉटेलवर राहू द्या, माझ्या ग्रुपमध्ये त्यावरून रांग अडली आहे. सुरी, कात्री नकोच. शेंगाचटणी आणि कडक भाकरी खुशाल न्या, फक्त गाडीत डबा उघडू नका, खायला मनाई आहे. उपाशीपोटी रक्त द्यायचं असेल तर डबा दवाखान्याच्या आवारात उघडा.

तंबाखू किंवा मिश्रीची सवय कुणाला असेल तर आधीच सांगून ठेवा की आत थुंकायला जागा नाही आणि थुंकलं तर दंड होतो. प्लॅटफॉर्मवर किंवा डब्यात खाली बसलेलंही चालत नाही. आपल्या बायकांना थकल्यावर फरशीवर बसकण मारायची सवय असते, त्यात गैर काही नाही, पण तिथे शिपाई येऊन उठवतो आणि चारचौघांत वाईट वाटतं. डब्यात दाराजवळच्या काही जागा म्हाताऱ्या माणसांसाठी राखीव असतात. "बाबूजी को बैठने दीजिए" एवढं म्हटलं की दिल्लीची पोरं उठतात. मी हे वाक्य सोलापुरात निघायच्या आधीच सगळ्यांकडून पाठ करून घेतो.

पहिला डबा बायकांचा असतो, प्लॅटफॉर्मवर गुलाबी खुणेने तो कळतो. गर्दीत तो डबा बरा पडतो, पण कुटुंब दोन डब्यांत वाटलं जातं. सासऱ्यांना घेऊन जाताना सगळे साध्या डब्यातच बसा. तुम्ही आणि सासूबाई दोघीच कुठे निघालात तर तो डबा जरूर घ्या. मिस्टरांना मात्र चुकूनही त्यात चढू देऊ नका.

वेळेचं गणित तुमच्या बाजूने आहे. सकाळी साडेआठ ते साडेदहा आणि संध्याकाळी साडेपाच ते आठ पिवळ्या रेघेवर उभं राहायलाही जागा नसते. पण दवाखान्याचं काम तर त्याच्या आधी सुरू होतं. साडेसहाच्या सुमारास निघालात तर बसायला जागा मिळेल, राजीव चौकही शांत असेल. दुपारी बारा-एकला परत निघा. काम लांबलं आणि पाच वाजले, तर सासऱ्यांना घेऊन मेट्रोत शिरू नका, त्या दिवशी रिक्षेचे किंवा टॅक्सीचे पैसे जाऊ द्या. गर्दीत खिसेकापूही असतात, बायकांच्या टोळ्या असतात, लेकरू कडेवर घेऊन अंगाला चिकटतात. रिपोर्टांची फाइल आणि पैसे एकाच पिशवीत ठेवू नका.

एम्सला बाहेर पडताना गेटची पाटी नीट वाचा. रस्त्याच्या एका बाजूला एम्स आणि समोर सफदरजंग रुग्णालय आहे. चुकीच्या गेटने निघालात तर मोठा रस्ता मधे येतो, आणि दिल्लीतला तो रस्ता म्हणजे आपला सोलापुरातला सात रस्ता चौक नव्हे. गेट चुकलं असं लक्षात आलं तर वरून ओलांडू नका, परत खाली उतरा आणि भुयारातून बरोबर बाजूला निघा. अपॉइंटमेंटच्या कागदावर इमारतीचं नाव असतं, तेही आदल्या रात्री वाचून ठेवा, कारण एम्सचे सगळे विभाग एका इमारतीत नाहीत. स्वच्छतागृह स्टेशनात मिळतं, पण बहुतेक ठिकाणी ते फाटकाच्या बाहेर असतं. म्हणून आत शिरायच्या आधी किंवा बाहेर पडल्यावरच जाऊन घ्या.

फिरायचं म्हणाल तर लाल किल्ला आणि अक्षरधाम दोन्ही सोमवारी बंद असतात, दिवस त्याप्रमाणे ठरवा. लाल किल्ल्याला पुष्कळ जण चांदनी चौक स्टेशनवरून जायला सांगतील. तिथून किल्ल्यापर्यंत गर्दीतून चालावं लागतं, सासऱ्यांना ते जमणार नाही. तुम्ही निळ्या रेघेने राजीव चौकच्या पुढे मंडी हाउसपर्यंत जा, करोल बागेपासून पाचवं स्टेशन. तिथे जांभळी रेघ, काश्मिरी गेटची गाडी, चौथं स्टेशन लाल किल्ला. मेट्रोचा हा तुकडा 2017 साली सुरू झाला, त्याआधी आम्ही चांदनी चौकातूनच माणसं चालवत नेत होतो.

अक्षरधाम निळ्या रेघेवरच आहे, गाडी बदलायची नाही, पण इथे एक फसगत आहे. यमुना बँक स्टेशनला निळ्या रेघेला फाटा फुटतो. होटगीला विजापूरचा आणि वाडीचा रस्ता वेगळा होतो ना, तसाच. वैशालीची गाडी एका बाजूला जाते, नोएडाची दुसऱ्या. अक्षरधाम नोएडाच्या फाट्यावर यमुना बँकनंतर लगेचच आहे. म्हणून राजीव चौकला जाताना दोन्ही गाड्या चालतात, पण अक्षरधामला फक्त नोएडा इलेक्ट्रॉनिक सिटीची. चुकून वैशालीच्या गाडीत बसलात तर घाबरू नका, यमुना बँकला उतरून मागची नोएडाची धरा. कुतुबमिनारच्या नावाचं स्टेशन पिवळ्या रेघेवर आहे, पण मिनार तिथून बराच लांब आहे, रिक्षा करावी लागते. सोबत सासरे असताना तो बेत मी तरी आखणार नाही.

सामान घेऊन मात्र मेट्रोत जाऊ नका. कर्नाटक एक्स्प्रेसने एक दिवस नि एक रात्र प्रवास करून तुम्ही नवी दिल्लीला उतराल तेव्हा सगळे दमलेले असतील. मेट्रोचं स्टेशन अजमेरी गेटच्या बाजूला आहे आणि करोल बाग पहाडगंजच्या बाजूला. बॅगा यंत्रातून काढायच्या, एकच स्टेशन जाऊन राजीव चौकला गाडी बदलायची, हे सगळं वाचवून पहाडगंजच्या बाजूने बाहेर पडा आणि सरळ रिक्षा करा. परतीलाही तसंच.

सोलापूर सोडायच्या आधी जमलं तर एक करा. पुण्याला कुणी नातेवाईक असतील तर हुतात्मा एक्स्प्रेसने एक दिवस सगळे जाऊन या. पुणे स्टेशनवरून वनाजच्या दिशेने मेट्रो घ्या, दुसऱ्या स्टेशनवर, म्हणजे जिल्हा न्यायालयाच्या स्टेशनवर, उतरून स्वारगेटची गाडी धरा. ती जमिनीखालून जाते. मंडईला उतरून दगडूशेठचं दर्शन घ्या आणि तसेच परत या. तिकीट, तपासणी, लिफ्ट, गाडी बदलणं, भुयार, सगळं एका फेरीत आणि मराठी पाट्यांसकट होऊन जातं. ज्या ग्रुपला मी आधी पुण्यात असं फिरवलं, त्यांना दिल्लीत फार कमी सांगावं लागलं.

पुण्याला जाणं नाही जमलं तर दिल्लीला पोचाल त्या दुपारी सासू-सासऱ्यांना हॉटेलवर झोपू द्या. लहानाला घेऊन मिस्टर तिथेच थांबतील. तुम्ही मोठ्या मुलाला घेऊन करोल बाग स्टेशनवर जा, सगळ्यांची कार्डं काढा, आणि एम्सपर्यंत जाऊन या. जाताना स्टेशनं मुलाला मोजायला सांगा, लिफ्ट कोणत्या गेटला आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा, आणि दवाखान्याच्या बाजूला निघणाऱ्या गेटचा नंबर चिठ्ठीवर लिहून आणा. दुसऱ्या दिवशी सकाळी सासऱ्यांचा हात धरून निघाल तेव्हा तो रस्ता तुम्ही एकदा चाललेला असेल.